शेतकरी मुख्यमंत्री ड्रुरी आणि त्याचे कामगार सोबती



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की आम्ही संप, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलू. तीस वर्षे ज्याने गेटसभांतून घसा कोरडा केला, त्याने दुसरे काय बोलावे? पण ते विषय आपण वर्तमानपत्रांत वाचताच. आज आम्ही एका शेतकऱ्याची गोष्ट सांगणार आहोत. हा शेतकरी आपल्या महाराष्ट्रातला नाही, हिंदुस्थानातलाही नाही. तो कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला आहे. त्याचे नाव अर्नेस्ट चार्ल्स ड्रुरी. विधिमंडळाचा सभासद म्हणून एक दिवसही न बसलेला हा गृहस्थ १९१९ साली एकदम त्या प्रांताचा मुख्यमंत्री झाला, आणि मुख्यमंत्री झाला तो कामगारांच्या खांद्याला खांदा लावून. पावणेचार वर्षांनी त्याचे राज्य कोसळले. ते का आले आणि का कोसळले, हे समजून घेण्यासारखे आहे, असे आम्हांला वाटते.

आमचे शिक्षण बेताचे. शाळा लवकर सुटली आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री मंडळी पांगल्यावर, किंवा गावच्या वाचनालयात बसून. म्हणून विद्वानांसारखी मांडणी आपल्याला मिळणार नाही. पण हिशेब तपासण्याची सवय आम्हांला आहे. मालकाचा ताळेबंद वाचायला आम्ही पोटासाठी शिकलो. त्याच सवयीने या राज्याचा जमाखर्च आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक खुलासा. कॅनडात प्रांताच्या मुख्य मंत्र्याला ‘प्रीमियर’ म्हणतात. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा त्यांनाही प्रांताचे पंतप्रधानच म्हणत असत. आपण सोयीसाठी मुख्यमंत्री हाच शब्द वापरू.

ड्रुरीचा जन्म २२ जानेवारी १८७८ चा. सिमको परगण्यात बॅरी या गावाच्या जवळ क्राऊन हिल नावाची वस्ती आहे, तिथे त्याच्या घराण्याची शेती होती. ही मंडळी जंगल तोडून शेत करणाऱ्या वसाहतकऱ्यांपैकी. त्याचे वडील चार्ल्स ड्रुरी हे १८८८ साली ऑन्टॅरिओचे पहिले शेतीमंत्री झाले होते. म्हणजे राजकारणाचे वारे घरात नव्हते असे नाही. मुलगा ग्वेल्फच्या शेतकी महाविद्यालयात शिकला, १९०० साली पदवी घेतली, आणि पदवी घेऊन नोकरीच्या मागे न लागता परत शेतावर गेला. आपल्याकडे शेतकी शाळेतून बाहेर पडलेला मुलगा आधी सरकारी कचेरीचा रस्ता धरतो. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

तिकडचा शेतकरी म्हणजे आपला दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. शंभर एकरांचे शेत ही तिथली साधारण गोष्ट. तिथे खोत नव्हता, सावकाराच्या ओट्यावर नाक घासणारे कूळ नव्हते. जमीन मालकीची, घोडे घरचे, राबणारे हात बहुधा घरचेच. तरी हा शेतकरी चिडला. का चिडला?

पहिले कारण असे की गाव ओस पडत चालले होते. १९११ च्या शिरगणतीत ऑन्टॅरिओत शहरवासी लोक खेड्यातल्या लोकांपेक्षा अधिक भरले. तरणी पोरे टोरांटोच्या आणि हॅमिल्टनच्या कारखान्यांकडे चालली होती. दुसरे कारण जकातीचे. देशी कारखान्यांना संरक्षण म्हणून परदेशी मालावर जबर जकात होती. त्यामुळे शेतकऱ्याला नांगर, कापणीयंत्र, कापड, जोडे सगळे महाग पडे. आणि त्याचा स्वतःचा गहू मात्र जगाच्या बाजारात जो भाव निघेल त्या भावाने जाई. विकताना खुला बाजार आणि घेताना बांधलेला बाजार, अशी ही दुहेरी कैची. आपल्या शेतकऱ्याला ही कैची समजावून सांगावी लागणार नाही.

या दुखण्यावर उपाय म्हणून १९१४ साली ‘युनायटेड फार्मर्स ऑफ ऑन्टॅरिओ’ ही संघटना निघाली. आपण तिला शेतकरी संघ म्हणू. ड्रुरी तिचा पहिला अध्यक्ष, आणि जे. जे. मॉरिसन हा चिटणीस. हे मॉरिसन नाव लक्षात असू द्या, कारण पुढच्या गोष्टीत त्याचे काम मोठे आहे. संघाबरोबरच एक सहकारी कंपनीही काढण्यात आली. खते, बियाणे, दोरखंड एकत्र घ्यायचे आणि दलाल वगळायचा, हा तिचा धंदा. सुरुवातीला राजकारणाशी संघाचा संबंध नव्हता. तो आणला सरकारनेच.

महायुद्ध चालू होते. १९१७ साली कॅनडात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात देशाची निवडणूक होती. शेतकऱ्यांची मते जाऊ नयेत म्हणून बोर्डन सरकारने शब्द दिला, की शेतावर ज्यांची गरज आहे ती शेतकऱ्यांची मुले भरतीतून वगळली जातील. मते पडली, निवडणूक जिंकली. आणि १९१८ च्या एप्रिलात, ऐन पेरणीच्या तोंडावर, तीच सूट रद्द झाली! मे महिन्यात पाचएक हजार शेतकरी राजधानी ओटावाला जाऊन धडकले. बोर्डनसाहेबांनी निर्णय बदलला नाही. शहरातल्या वर्तमानपत्रांनी या शेतकऱ्यांना स्वार्थी ठरवले. ते हात हलवत परत आले, पण ज्या विचाराने गेले होते त्या विचाराने परतले नाहीत. अर्ज देणारा शेतकरी ओटावाला गेला आणि उमेदवार उभा करणारा शेतकरी घरी आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅनिटुलिनच्या पोटनिवडणुकीत बेनाया बोमन हा संघाचा पहिला माणूस निवडून आला. वर्षभरात संघाची सभासदसंख्या झपाट्याने वाढली आणि पुढे ती पन्नास हजारांवर गेली.

इकडे शहरात कामगारही पेटलेला होता. युद्धात महागाई भडकली होती, मजुरी मागे राहिली होती. १९१९ च्या मे-जूनमध्ये विनिपेग शहरात सार्वत्रिक संप झाला. कॅनडाच्या कामगार चळवळीत त्याचे नाव आजही घेतात. ऑन्टॅरिओत ‘इंडिपेन्डन्ट लेबर पार्टी’ म्हणजे स्वतंत्र मजूर पक्ष उभा होता. तेव्हा गावात एक राग आणि शहरात दुसरा राग, आणि सत्तेवर दोघांनाही नकोसे झालेले काँझर्व्हेटिव्ह सरकार, असा तो योग होता.

२० ऑक्टोबर १९१९ रोजी मतदान झाले. ऑन्टॅरिओच्या बायकांनी प्रांतिक सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले ते याच दिवशी प्रथम. निकाल लागला तेव्हा कुणाचाच डोळ्यांवर विश्वास बसेना. १११ जागांच्या सभागृहात शेतकरी संघाचे पंचेचाळीसच्या घरात सभासद. मजूर पक्षाचे ११. सत्ताधारी काँझर्व्हेटिव्ह २५ वर आले आणि त्यांचे मुख्यमंत्री सर विल्यम हर्स्ट स्वतःच्या मतदारसंघात पडले. लिबरल पक्ष तिशीच्या आत राहिला. शेतकऱ्यांकडे सर्वांत मोठा गट होता, पण पुढारीच नव्हता! राज्य करावे लागेल हा विचार कुणी केलाच नव्हता. मॉरिसनला विचारले, त्याने नकार दिला. प्रांताच्या वीजमंडळाचे कर्तेधर्ते सर अ‍ॅडम बेक यांचेही नाव निघाले. अखेर माळ ड्रुरीच्या गळ्यात पडली. तो निवडणुकीला उभाही राहिलेला नव्हता. वय ४१. नोव्हेंबरात शपथ घेतली आणि फेब्रुवारी १९२० मध्ये हाल्टनच्या पोटनिवडणुकीतून तो सभागृहात आला.

बहुमत जेमतेम होते. सभापतीच्या खुर्चीवर आपला माणूस बसवला तर एक मत कमी होते, म्हणून सभापतिपद एका लिबरल सभासदाला देण्यात आले. योगायोग असा की त्या गृहस्थाचे आडनावच पार्लमेंट होते! मजूर पक्षाला दोन मंत्रिपदे मिळाली. हॅमिल्टनचा वॉल्टर रोलो हा पक्षाचा पुढारी प्रांताचा पहिला कामगारमंत्री झाला. झाडू बांधण्याचे काम करणारा हा माणूस. हॅरी मिल्स याच्याकडे खाणखाते गेले.

आता त्या मंत्रिमंडळाची बैठक डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला पहाटे चारला गोठ्यात जाणारे शेतकरी, दुसऱ्या बाजूला भोंग्यावर जगणारे कामगार. कामगार म्हणतो, आठ तासांचा दिवस करा. शेतकरी म्हणतो, माझा दिवस कोजागरी-अमावास्या न पाहता चौदा तासांचा आहे; तुझा आठ तासांचा झाला की माझा उरलासुरला गडीही शहरात पळेल. शेतकरी म्हणतो, जकात उतरवा. कामगार म्हणतो, जकात उतरली की परदेशी माल येईल, कारखाना बंद पडेल आणि मी घरी बसेन. एवढेच काय, घड्याळावरूनही तंटा होता. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची टूम युद्धात निघाली होती. शहरातल्या कामगाराला संध्याकाळचा उजेड मिळे म्हणून तो खूश. शेतकऱ्याची गाय घड्याळ वाचत नाही आणि दव उठल्याशिवाय गवत कापता येत नाही, म्हणून तो नाखूश.

मंडळी, आपल्याला हसू येते. पण हे भांडण आपल्याकडे नाही काय? २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. कांदा उतरला. आमच्या एका गेटसभेत त्याच आठवड्यात महागाईभत्त्यावर बोलणे चालले होते. एक जण म्हणाला, “चला, निदान कांदा तरी आवाक्यात आला.” बाजूलाच उभा असलेला दुसरा कामगार काही बोलला नाही. सभा संपल्यावर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, माझ्या थोरल्या भावाचे दोन ट्रॅक्टर कांदे पडून आहेत. मी पगारातून त्याचे सोसायटीचे व्याज भरतो. मला स्वस्त कांदा कितीला पडला, सांगा.” आता या माणसाला कोणत्या बाजूला उभे करायचे? तो कामगारही आहे आणि शेतकऱ्याच्या घरचाही आहे. आपल्याकडचा निम्मा कामगारवर्ग असा आहे. त्याच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकले, की दोन्ही खिसे रिकामे कसे होतात, हे त्याला कुणी समजावून सांगत नाही.

ड्रुरीने यावर काय केले? जिथे दोघांचे हित परस्परविरुद्ध होते ते प्रश्न त्याने बाजूला ठेवले. आठ तासांचा कायदा त्याच्या कारकिर्दीत झाला नाही, आणि जकात हा तर केंद्राचा विषय होता. पण जिथे दोघांचे हित एक होते किंवा एकाचे भले करताना दुसऱ्याचे नुकसान नव्हते, तिथे त्याने झपाट्याने काम केले.

१९२० साली विधवा मातांना भत्ता देणारा कायदा झाला. दोन किंवा अधिक लहान मुले पदरी असलेल्या गरीब विधवेला दरमहा सरकारी मदत मिळू लागली. त्यापूर्वी अशा बाईपुढे दोनच वाटा होत्या : धुणीभांडी करून मुले उपाशी ठेवायची, नाहीतर ती अनाथाश्रमात घालायची. त्याच वर्षी कामकरी स्त्रियांसाठी किमान वेतन ठरवणारे मंडळ निघाले. आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला, हे आठवले म्हणजे या पावलाची किंमत कळेल. कामावर अपघात झालेल्या मजुराची भरपाई वाढवण्यात आली.

शेतकऱ्यांसाठी कर्जाची सोय झाली, आणि ती ज्या रीतीने झाली ती आम्हांला विशेष आवडते. सरकारने स्वतःची बचत कचेरी उघडली. शहरातल्या आणि गावातल्या साध्या माणसाने तिथे पैसे ठेवायचे, सरकारने त्याला बरे व्याज द्यायचे, आणि तो पैसा शेतकऱ्याला कर्जाऊ जायचा. खाजगी बँका चिडल्या, हे सांगायला नकोच. पण कामगाराची शिल्लक आणि शेतकऱ्याची नड यांची गाठ मधल्या दलालावाचून घालता येते, हे त्या कचेरीने दाखवले. सरकारे बदलली तरी ती ऐंशी वर्षे चालली. २००३ साली ती विकण्यात आली.

आणखी एक काम. ड्रुरीच्या सिमको परगण्यात बेसुमार जंगलतोडीने वाळूची उघडी माळराने झाली होती. १९२२ साली तिथे सरकार आणि परगणा यांच्या करारातून झाडे लावण्याची योजना सुरू झाली. त्या सिमको परगण्याचे जंगल आजही उभे आहे. मतदानात झाडांची मोजदाद होत नाही; पण शंभर वर्षांनी जे उरले ते हेच.

एवढे करूनही राज्य पडले. का?

पहिले कारण दारूबंदी. निवडणुकीच्याच दिवशी सार्वमत घेऊन प्रांताने दारूबंदी कायम ठेवली होती. ड्रुरी स्वतः दारूबंदीचा कट्टा पुरस्कर्ता, आणि त्याचा कायदेमंत्री रेनी त्याहून कडक. अंमलबजावणीत धाडी, झडत्या, गोळीबारही झाले. दिवसभर भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगाराला हे आपले राज्य न वाटता प्रवचनकारांचे राज्य वाटू लागले. कायदा चांगला की वाईट हा वाद आम्ही इथे करीत नाही. पण जो कायदा पोलिसाच्या दंडुक्यावर चालतो तो मित्र तोडतो, हे खरे.

दुसरे कारण शेतकऱ्यांचीच नाराजी. सनदी नोकरांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा आला, तेव्हा गावोगावचे संघाचे सभासद म्हणू लागले, मला म्हातारपणी पेन्शन कोण देणार? मोठे रस्ते झाले तेव्हा म्हणू लागले, हे शहरातल्या मोटारवाल्यांसाठी. माझ्या बांधापर्यंतचा रस्ता कुठे आहे? तक्रार खोटी नव्हती. पण स्वतःला मिळत नाही म्हणून दुसऱ्याचे काढून घ्या, ही मागणी शेवटी कुणालाच काही मिळवून देत नाही. पेन्शनच्या बाबतीत हा अनुभव आज आपल्याकडेही येतो. ज्याला पेन्शन नाही त्याला पेन्शनवाल्याविरुद्ध उभे करणे फार सोपे असते.

तिसरे कारण सर्वांत मोठे. ते म्हणजे ड्रुरी आणि मॉरिसन यांच्यातला वाद. ड्रुरीचे म्हणणे असे : आपण शेतकरी म्हणून निवडून आलो, पण राज्य सगळ्यांचे आहे. तेव्हा संघाची दारे उघडा. कामगार, लहान व्यापारी, शिक्षक, ज्यांना जुन्या दोन पक्षांचा वीट आला आहे ते सारे येऊ द्या आणि एक लोकपक्ष उभा करा. मॉरिसनचे म्हणणे असे : प्रत्येक धंद्याने आपापले प्रतिनिधी पाठवावेत आणि सभागृहात त्यांनी मिळून कारभार करावा. दारे उघडली की राजकारणी लोक शिरतील आणि शेतकऱ्याची संघटना शेतकऱ्याच्या हातून जाईल. पश्चिमेकडच्या आल्बर्टा प्रांतात हेन्री वाइज वुड हा शेतकरी पुढारी हेच तत्त्वज्ञान सांगत होता, आणि तिथे शेतकरी संघाने १९२१ पासून १९३५ पर्यंत राज्य केले.

आम्ही संघटनेत आयुष्य घातलेली माणसे; मॉरिसनची भीती आम्हांला कळते. सभासदाच्या चार आण्यांवर उभी राहिलेली संस्था पुढाऱ्याच्या गाडीमागे फरफटत जाताना आम्हीही पाहिली आहे. पण मॉरिसनचा हिशेब ऑन्टॅरिओत बसत नव्हता. आल्बर्टात शेतकरी हाच मोठा वर्ग होता. ऑन्टॅरिओत निम्म्याहून अधिक लोक शहरात गेले होते. तिथे एकट्या शेतकऱ्याच्या बळावर बहुमत येणे नव्हते.

आकडेच पाहा. १९१९ साली शेतकरी संघाला एकूण मतांपैकी सुमारे एक-पंचमांश मते होती आणि जागा पंचेचाळीसच्या घरात. काँझर्व्हेटिव्हांना मते त्याहून बरीच अधिक, पण जागा २५. विरोधकांची मते फुटल्याने हा चमत्कार झाला. ड्रुरीला हे उमगले होते. म्हणून १९२३ साली त्याने मतदानाची पद्धत बदलणारे विधेयक आणले, की मतदाराने उमेदवारांना पसंतीचे क्रम द्यावेत. विरोधी पुढारी हॉवर्ड फर्ग्युसन आणि त्यांच्या सोबत्यांनी भाषणांवर भाषणे लांबवून ते अडवून धरले. विधेयक बारगळले. २५ जून १९२३ रोजी निवडणूक झाली. शेतकरी संघाला मते पुन्हा सुमारे एक-पंचमांशच मिळाली. पण जागा किती? १७! काँझर्व्हेटिव्ह ७५, लिबरल १४, मजूर ४. ड्रुरी स्वतः हाल्टनमध्ये पडला. पाठीराखे फारसे घटले नव्हते. पण सोबती गेले होते, आणि सोबत्यांवाचून तेवढीच मते आता निकामी ठरली. निवडणुकीच्या आधीच मॉरिसन आणि ड्रुरी यांची तोंडे दोन दिशांना होती. वर्षअखेरीस संघाने राजकारणातून अंगच काढून घेतले.

पुढच्या वर्षी आणखी एक घाव बसला. ड्रुरीचा अर्थमंत्री पीटर स्मिथ याला सरकारी कर्जरोख्यांच्या व्यवहारातल्या कटाबद्दल शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला. शेतकऱ्यांचे स्वच्छ राज्य, ही जी काय पुंजी होती, तीही डागाळली. ड्रुरीने मात्र त्या कारभारातून घर भरले नाही. तो क्राऊन हिलला परत गेला आणि शेती करू लागला. जकातीविरुद्ध पुस्तक लिहिले. १९३४ पासून पंचवीस वर्षे सिमको परगण्याचा शेरीफ होता. १९६६ साली आत्मचरित्र लिहिले, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला.

मग हे सगळे फुकट गेले काय? तसे नाही. ऑन्टॅरिओच्या त्याच शेतकरी चळवळीतून अ‍ॅग्नेस मॅकफेल ही शेतकऱ्याची मुलगी १९२१ साली कॅनडाच्या संसदेतली पहिली स्त्री सभासद झाली. १९३२ साली शेतकरी, कामगार आणि समाजवादी यांनी मिळून देशव्यापी पक्ष काढला. त्या पक्षाने १९४४ साली सस्कॅचेवान या शेतकरी प्रांतात टॉमी डग्लसच्या नेतृत्वाखाली सत्ता मिळवली, आणि १९६२ साली तिथे सर्वांना सरकारी वैद्यकीय विम्याची सोय झाली. पुढे ती साऱ्या कॅनडात पसरली. ड्रुरीने जी दारे उघडा म्हटले होते, ती त्याच्या हातून उघडली नाहीत, पुढच्यांनी उघडली.

आता आपल्या घरी येऊ. ऑन्टॅरिओतल्या त्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. आपल्याकडे १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो पक्ष काढला त्याचेही नाव स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ साली तो मुंबई विधिमंडळात गेला. त्या पक्षाने सभागृहात पहिल्याच वर्षी काय मागितले? खोती नष्ट करण्याचे विधेयक, म्हणजे कोकणातल्या कुळाचा प्रश्न. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने आले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध गिरणीकामगारांचा एक दिवसाचा संप झाला, त्यातही हा पक्ष आघाडीवर होता. कुळाचे दुःख आणि गिरणीकामगाराचे दुःख त्याने एकाच वर्षात रस्त्यावर आणले. कारण कोकणातले कूळ आणि परळचा कामगार हे बहुधा एकाच घरातले दोन भाऊ होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. ज्यांनी ती मागणी लावून धरली त्यांच्या हातात तेव्हा राज्य नव्हते, पण कुळाला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्याच्या मानेवरचे जोखड उतरले.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडत होती. त्यातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिचा खर्च कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर १९७५ पासून जो व्यवसाय कर बसला, त्यातून मोठा वाटा आला. आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर ती छोटीशी कपात दिसते आणि आपण कुरकुर करतो. पण कामगाराने मातीकाम करणाऱ्या मजुराला हात दिला, तो त्या कपातीतून. आणि १९८२ च्या गिरणी संपात गावानेही हात दिला. हजारो संपकरी गावी गेले आणि गावच्या ज्वारी-भातावर दिवस काढले. घेणे-देणे दोन्ही बाजूंनी झालेले आहे. नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. शेतकरी आणि कामगार यांचे हित सर्व बाबतींत एक आहे, हे व्यासपीठावरून म्हणणे सोपे, पण ते खरे नाही. धान्याच्या भावात, कामाच्या तासांत, कराच्या वाटपात त्यांचे भांडण आहे आणि राहील. ते लपवून ठेवले तर ऐन वेळी ते फुटते आणि तिसराच राज्य घेऊन जातो. ड्रुरीचे मंत्रिमंडळ चालले तोवर चालले, कारण त्यात भांडण उघड होते आणि तरी मिळून करण्यासारखी कामे कोणती याची यादी तयार होती. मोडले तेव्हा, कारण सोबत्याला दाराबाहेर ठेवून आपले घर राखता येईल अशी समजूत झाली.

तशी यादी आपल्या शहरात करायला विधिमंडळात जावे लागत नाही. बाजारसमितीच्या आवारातला हमाल, औद्योगिक वसाहतीतला कामगार आणि तिथे माल घेऊन येणारा शेतकरी, ही तीन माणसे रोज एकाच रस्त्याने जातात. कामगार वसाहतीत शेतकऱ्याचा माल थेट यावा, त्याला दोन पैसे अधिक आणि कामगाराला दोन पैसे कमी पडावेत. मापात पाप होऊ नये. हमालाला त्याची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळावा. आणि तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर असावा. या चार गोष्टींत कुणाचे कुणाशी भांडण आहे? आमची संघटना या कामाला माणसे देईल. आपल्यातून कुणी पुढे येणार असेल, तर सभा संपल्यावर आम्ही इथेच थांबलो आहोत.